पहिला कोण मेला?

रेडमध्ये वाइप झाला, म्हणजे संघातले सगळेच्या सगळे मेले, की हेडफोनवर थोडा वेळ कोणी काही बोलत नाही. मग कुणीतरी विचारतं, "पहिला कोण मेला?" आमच्या छत्रपती संभाजीनगरातली पोरं घरी काहीही बोलत असली तरी खेळताना हिंदीवर येतात, त्यामुळे इथे तो प्रश्न "पहले कौन मरा बे?" असा येतो. आधी मी तो खेळाडू म्हणून ऐकला, आता कामाचा भाग म्हणून ऐकते. पुण्यातल्या एका गेम स्टुडिओसाठी मी रेडच्या लढायांची काठिण्यपातळी तपासते. लढाई किती अवघड हवी, नेमकी कुठे अवघड हवी आणि हरलेला माणूस दुसऱ्या दिवशी परत का येतो किंवा का येत नाही, हे पाहणं माझं काम. हे काम करता करता माझं एक मत पक्कं झालंय. बॉसची ताकद किती, त्याचा मार किती, या आकड्यांवरून रेडच्या अवघडपणाबद्दल फार थोडं कळतं. त्या प्रश्नाचं उत्तर म्हणून ज्याचं नाव घेतलं जातं, त्याचं पुढे काय होतं यावरून जास्त कळतं.

ज्यांनी हे खेळ पाहिले नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. ऑनलाइन रोल-प्लेइंग गेममध्ये हजारो माणसं आपापलं पात्र घेऊन एकाच जगात वावरतात. एकट्यादुकट्याने होणारच नाही असा त्यातला भाग म्हणजे रेड. आठ, दहा, वीस, एके काळी चाळीस माणसांनी ठरल्या वेळी जमायचं आणि एका बॉसला पाडायचं. टँक त्याचा मार अंगावर घेतो, हीलर सगळ्यांना जगवतो, बाकीचे मारतात. बॉसच्या ठरलेल्या चाली असतात, त्यांना मेकॅनिक म्हणतात. जमिनीवर आग आली की बाजूला व्हायचं, अंगावर बॉम्ब लागला की घोळक्यातून बाहेर पळायचं. आणि हे ठरलेल्या मिनिटांत उरकायचं, कारण वेळ संपली की बॉस पिसाळतो आणि कुणालाच सोडत नाही.

वरवर पाहता या चाली एकाच जातीच्या वाटतात. चुकणाऱ्याचं काय होतं हे पाहिलं की त्यांच्यातला फरक दिसतो. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' हा २००४ साली आलेला खेळ घ्या. त्यातल्या नॅक्सरामस या रेडमध्ये हायगन नावाचा बॉस आहे. खोलीची जमीन पट्ट्यापट्ट्याने उसळते आणि खेळाडूंनी तालात इकडून तिकडे सरकत राहायचं. जो चुकला तो मेला, बाकीचे नाचत राहतात, आणि उरलेली थोडी माणसंही कधी कधी लढाई खेचून नेतात. आता त्याच खेळातल्या कॅराझान या रेडमधला एरन पाहा. तो मधूनच काही जणांच्या पायांभोवती आगीचं कडं टाकतो. कडं पडलं की जागचं हलायचं नाही, एवढाच नियम. पण एक जरी हलला तरी स्फोट होतो आणि मार सगळ्या दहा जणांना बसतो. दोन्ही लढाया एकाच कंपनीच्या, एक २००६ ची, दुसरी २००७ ची. हायगनकडे माणसं हसत हसत मरायची. एरनच्या खोलीत कुणीतरी एक जण पुढचा तासभर गप्प असायचा.

सिडकोतल्या आमच्या घरी तेव्हा क्रेडिट कार्ड नव्हतं आणि महिन्याला पंधरा डॉलर वर्गणी आईबाबांकडे मागण्याचा प्रश्नच नव्हता. दादा, त्याचे मित्र आणि त्यांच्यामागून मी, परदेशात कुणीतरी हौसेने चालवलेल्या अनधिकृत सर्व्हरवर हाच खेळ खेळायचो. अधिकृत खेळ पुढे निघून गेला, ते सर्व्हर मात्र जुन्याच आवृत्तीवर थांबलेले. त्यामुळे आमच्यासाठी जगातला शेवटचा बॉस बरीच वर्षं लिच किंगच राहिला. मी हीलर होते. संघात मुलगी एकटी मीच, आणि सगळ्यांच्या तब्येतीच्या पट्ट्या माझ्यासमोर असल्याने पहिला कोण मेला हे मला विचारण्याआधीच माहीत असायचं.

लिच किंगची डिफाइल नावाची चाल आहे. कुणातरी एकाच्या पायाखाली काळा डाग उमटतो. त्यात जो उभा राहील त्याला मार बसतो, आणि प्रत्येक फटक्यासरशी डाग मोठा होतो. ज्याच्या पायाखाली तो उमटला त्याने तिथून निघायला जरा उशीर केला तर बघता बघता डाग सगळ्या चौथऱ्यावर पसरतो आणि कुणालाच उभं राहायला जागा उरत नाही. आता आमची परिस्थिती पाहा. सर्व्हर युरोपात. इथे दाबलेलं बटण तिथे पोचून उत्तर यायला पाव सेकंद तरी सहज जायचा. त्यात लोडशेडिंग भागवार. सिडकोत दिवे असले की गारखेड्यात नसत, गारखेड्यात आले की आमच्याकडे जात. ज्यांना परवडे ते औरंगपुऱ्यातल्या इन्व्हर्टर असलेल्या कॅफेत जाऊन बसत. रेडची वेळ वर्तमानपत्रात आलेल्या लोडशेडिंगच्या तक्त्यावरून ठरायची.

आमच्यात एक मुलगा होता, त्याची लाइन सगळ्यांत वाईट. खेळायला तो चांगला होता, मारण्यात दादाच्याही पुढे. पण डिफाइल त्याच्या पायाखाली पडलं की संपलं. तो हलायचा, सर्व्हरला ते उशिरा कळायचं. रोज रात्री त्याच प्रश्नाला त्याचंच नाव. कुणी शिव्या दिल्या नाहीत, सगळे मित्रच होते. एके दिवशी त्याने परीक्षा आहे म्हणून सांगितलं आणि परीक्षा संपल्यावरही तो आला नाही. पुढे आम्ही लिच किंग पाडला, स्क्रीनशॉट काढला, त्यात तो नाही. त्या रात्रीचा आनंद खरा होता आणि तो नव्हता हेही तितकंच खरं होतं.

अधिकृत खेळात कंपनीने या लढाईवर उपाय केला होता. २०१० मध्ये काही आठवड्यांच्या अंतराने त्या रेडमधल्या सगळ्या खेळाडूंची ताकद पाच पाच टक्क्यांनी वाढवत तीस टक्क्यांपर्यंत नेली. जीव जास्त, मार जास्त, उपचार जास्त. त्याने टँकचं ओझं कमी झालं, हीलरचं झालं, पिसाळण्याआधी हाताशी वेळ जास्त उरला. पण डिफाइल होतं तसंच राहिलं. उशिरा हलणाऱ्याच्या पायाखालून डाग पसरायचाच. आकडे सैल केले की अवघडपणा सगळीकडे सारखा उतरतो असं बाहेरून वाटतं. प्रत्यक्षात ज्याच्या अंगावर तो सगळ्यांत जास्त असतो त्याच्यापर्यंत ही सूट पोचतच नाही. मी आज जे काम करते त्याचं मूळ या एका निरीक्षणात आहे.

अवघडपणाचा हा इतिहास मी पुढे कामासाठी पुन्हा वाचला, तेव्हा प्रत्येक वळणावर हेच दिसलं. वॉरक्राफ्टमधलाच २००६ सालचा कथून हा बॉस घ्या. त्याच्या डोळ्यातून निघणारा किरण एका माणसावरून जवळच्या दुसऱ्यावर उडी घेतो आणि प्रत्येक उडीला अधिक जहाल होतो. दारातून आत येताना एक जण चुकीच्या जागी उभा राहिला की चाळीस माणसं संपली. शिवाय तो बॉस सुरुवातीला हिशेबाने पडणारच नाही असा बनला होता. कंपनीने दुरुस्ती केल्यावर त्या वर्षी २५ एप्रिलला निहिलम या युरोपातल्या गिल्डने, म्हणजे कायम एकत्र खेळणाऱ्या गटाने, तो पहिल्यांदा पाडला. पुढे २००७ मध्ये रेडची माणसं चाळीसवरून पंचवीसवर आणली. खेळ सुटसुटीत झाला, पण चाळिसांच्या गिल्डमधून पंचवीस निवडायचे म्हणजे पंधरा जणांना कुणीतरी घरी बसायला सांगायचं. ते सांगणारा आणि ते ऐकणारा यांच्या वाट्याला आलेला अवघडपणा कोणत्याच बॉसच्या आकड्यात दिसत नाही. 'वाइल्डस्टार' या खेळाने २०१४ मध्ये चाळिसांचे रेड मोठ्या अभिमानाने परत आणले, जुन्या कडक दिवसांची आठवण काढणाऱ्या खेळाडूंसाठी. त्यात शिरण्यासाठीच्या अटींची यादीच लांबलचक होती. २८ नोव्हेंबर २०१८ ला तो खेळ बंद झाला. बंद पडायची कारणं अनेक होती, पण दर आठवड्याला चाळीस माणसं गोळा करणं हे एका रेड लीडरच्या संसाराला झेपणारं काम नाही, हे त्यातलं एक होतं असं मला वाटतं.

दुसऱ्या टोकालाही जाऊन पाहिलं गेलं. ऑक्टोबर २०१० मध्ये वॉरक्राफ्टचे वर्गणीदार १ कोटी २० लाखांवर पोचले होते. त्याच वर्षीच्या डिसेंबरात आलेल्या कॅटक्लिझम या आवृत्तीत पाच जणांच्या छोट्या मोहिमाही कडक केल्या गेल्या, आणि वर्षभरात आकडा १ कोटी ३ लाखांपर्यंत घसरला. पुन्हा, एकाच कारणाने असं होत नाही. नोव्हेंबर २०११ मध्ये रेड फाइंडर आला. बटण दाबलं की अनोळखी पंचवीस जणांचा संघ तयार, लढाई सोपी, ज्यांनी कधी रेडचं दार पाहिलं नव्हतं त्यांना शेवटचा बॉस दिसला. याचा मला आनंदच आहे. रात्रपाळी करणाऱ्या, लहान मुलं असणाऱ्या माणसालाही गोष्टीचा शेवट बघायचा हक्क आहे. पण तिथे पहिला कोण मेला हे कुणी विचारतही नाही, कारण कुणाचं कुणाशी काही नातंच नसतं. जिंकल्यावर माणसं शब्द न बोलता निघून जातात. मला सगळ्यांत शहाणा वाटला तो २०१३ चा बदल. दहापासून पंचवीसपर्यंत कितीही जण या, लढाई तेवढ्या माणसांपुरती आपोआप जुळते. अकरावा मित्र आला तर त्याला नाही म्हणायला नको. बॉसच्या चाली बदलण्यापेक्षा या एका सोयीने कितीतरी गिल्ड वाचल्या असतील.

आमच्या क्षेत्रात समाधानाबद्दल बोलताना मिहाय चिक्सेंतमिहायी या मानसशास्त्रज्ञाचं नाव हमखास येतं. कौशल्य आणि आव्हान यांचा मेळ बसला की माणूस कामात रंगून जातो; आव्हान कमी पडलं तर कंटाळतो, जास्त झालं तर धास्तावतो. त्यांचं याविषयीचं पुस्तक १९७५ चं, त्यात गिर्यारोहक, बुद्धिबळपटू, शल्यचिकित्सक यांचा अभ्यास आहे. नव्या डिझायनरला पहिल्याच आठवड्यात हा आलेख दाखवतात. माझी अडचण एवढीच की त्या आलेखावर ठिपका एका माणसाचा असतो. वीस जणांच्या रेडमध्ये वीस ठिपके असतात. सरासरी काढून लढाई बेतली, तर अर्ध्यांना ती बरोबर वाटते आणि एक जण रोज धास्तीच्या कोपऱ्यात उभा असतो. तो गेला की त्याच्या जागेवर आता सगळ्यांत कच्चा ठरणारा दुसरा येतो.

२०२० च्या लॉकडाउनमध्ये मी पुण्याहून घरी आले आणि मग इथूनच काम करत राहिले. स्टुडिओच्या खेळात पाच जणांचा रेड होता, आणि त्यात एक शाप होता. बॉस एकाला शाप देतो, त्याने चार सेकंदांत प्रकाशाच्या वर्तुळात पोचायचं, नाही पोचला तर पाचही जण ठार. कागदावर सुंदर मेकॅनिक. लॉकडाउन उठल्यावर मी उस्मानपुऱ्यातल्या एका गेमिंग कॅफेत चाचण्या घ्यायला लागले. इंजिनिअरिंगची मुलं, वाळूजला शिफ्ट करून आलेले दोघे-तिघे, शेजारच्या क्लासमधल्या मुली. कधी आपसात ओळख असलेले पाच जण बसवायचे, कधी मुद्दाम अनोळखी.

हरल्यावर चिडून कोण उठतं, हे मी पाहत होते. दुसऱ्याच्या चुकीने मेलेला माणूस उठेल असा आम्हा सगळ्यांचा अंदाज होता. तो बडबडायचा, पण बसायचा. अनोळखी गटात उठून जायचा तो बहुतेक वेळा ज्याच्या हातून शाप सुटला तोच. "ताई, मला क्लासला जायचंय," म्हणायचा आणि कॅफेबाहेर चहाच्या गाडीवर उभा दिसायचा. ओळखीच्या पाच जणांत हेच घडलं तर बाकीचे त्याच्या पाठीत धपाटा घालायचे आणि पुढचा डाव सुरू. लढाई तीच, चार सेकंद तेच, आणि अवघडपणा मात्र दोन वेगळ्या वजनांचा.

मी हे पुण्याला कळवलं तेव्हा वरिष्ठांनी बॉसचा जीव कमी करून टाकला. सोपा उपाय, एक आकडा बदलायचा. त्याने चांगले संघ लवकर जिंकायला लागले आणि उठून जाणारे तसेच उठून जात राहिले. मला लिच किंगचे तीस टक्के आठवत होते. मी भांडत राहिले.

माझं म्हणणं मला मांडता आलं ते दहीहंडीमुळे. सराव बघायला मी गुलमंडीकडे जात असे. थर कोसळणार हे पथकाने धरलेलंच असतं. म्हणून थरांभोवती खाली हात वर करून उभ्या असलेल्या माणसांचं कडं असतं. वरून घसरलेला त्यांच्या हातांवर येतो. त्या कड्यामुळे हंडी सोपी होत नाही. उंची तेवढीच राहते, थर तितकेच लागतात. पण वर चढणाऱ्या पोराच्या पायात धीर येतो. आमच्या लढाईत असं कडंच नव्हतं. मी सुचवलं की चार सेकंद संपल्यावर आणखी दोन सेकंद द्या, आणि त्या दोन सेकंदांत जवळच्या कुणीही धावून शापित माणसाला हात लावला तर शाप दोघांत वाटला जावा. दोघांचा जीव अर्ध्यावर यावा, हीलरची तारांबळ उडावी, पण लढाई सुरू राहावी.

बऱ्याच वादानंतर ते झालं. एकूण वाइप फारसे कमी झाले नाहीत, कारण अर्धमेले दोघे पुढच्या फटक्याला मरायचेच. तरी माणसं बसून राहायला लागली. एक नवी अडचणही आली. अनोळखी गटांत आता "तू बाजूलाच होतास, गेला का नाहीस?" असं ऐकू यायला लागलं. दोष नाहीसा झाला नव्हता, तो वाटला गेला होता. माझ्या मते तेही पुष्कळ आहे. दोघांच्या खांद्यावरचा दोष घेऊन माणूस पुढचा डाव खेळू शकतो.

मुरलेल्या खेळाडूंना हा बदल आवडला नाही. त्यांचं म्हणणं होतं की लढाईतला जीवच काढून घेतला. चार सेकंद आणि पाच जीव यातच तर थरार होता. मी त्यांच्या बाजूने आहे, त्यांच्यापुरती. एकमेकांना निवडून घेतलेली पाच माणसं तो भार हौसेने उचलतात, आणि त्यांना जिंकल्यावर मिळणारा आनंद मी दुसऱ्या कुठल्याच खेळात पाहिलेला नाही. 'फायनल फँटसी १४' मध्ये ही वाटणी फार विचाराने केलेली आहे. गोष्ट पाहण्यासाठी साधा रेड सगळ्यांना खुला, आणि सॅव्हेज किंवा अल्टिमेट या पायऱ्यांवर अशा जागा ठेवलेल्या की आठांपैकी एक जरी पडलेला असला तर सगळे जातात. २०१५ च्या गॉर्डियास सॅव्हेजमध्ये त्यांचाही हात जड पडला होता आणि त्यात कितीतरी संघ फुटले. पुढचे रेड त्यांनी जास्त सांभाळून बनवले. शिवाय कोण किती मारतो याचा तक्ता त्या खेळात दाखवतच नाहीत, आणि तो दाखवणारी बाहेरची साधनं वापरायला नियमाने मनाई आहे. बंजी या कंपनीने २०१४ मध्ये 'डेस्टिनी' या खेळातला व्हॉल्ट ऑफ ग्लास हा रेड आणला तेव्हा सहा अनोळखी माणसं आपोआप जुळवून द्यायची सोयच ठेवली नव्हती; आपली माणसं आपण आणा. तेव्हा त्यावर खूप ओरड झाली होती. मला तो निर्णय दिवसेंदिवस जास्त पटत गेला आहे. आमच्या मूळ चार सेकंदांचा शापही आता सगळ्यांत वरच्या पायरीवर आहे आणि तिथे फक्त एकमेकांना आमंत्रण देऊनच जाता येतं.

सध्या मी ज्या गोष्टीवर काम करते आहे ती याहून साधी आणि आमच्याकडच्या माणसांना जास्त जवळची आहे. आमचे निम्मे खेळाडू मोबाइल डेटावर खेळतात. कन्नड, सिल्लोड, वैजापूरकडची मुलं चाचणीला ऑनलाइन असतात आणि त्यांची लाइन मधूनच जाते. लाइन गेलेल्या माणसावर शाप पडूच नये, अशी माझी मागणी आहे. सर्व्हर सांभाळणाऱ्या सहकाऱ्यांचा आक्षेपही रास्त आहे: मग हुशार माणूस शाप येताना पाहून डेटा बंद करेल आणि सुटेल. यावर तूर्त आमचं असं ठरतंय की लाइन गेली तर शाप जवळच्या दुसऱ्याकडे जावा, बॉसला थोडा जीव परत मिळावा, आणि परत आलेल्या माणसावर पुढचा शाप आधी पडावा. म्हणजे डेटा बंद करून फायदा नाही आणि खरंच रेंज गेली तर डाव मोडत नाही. बॉसला परत किती जीव द्यायचा यावर अजून एकमत नाही. पुण्याचं म्हणणं पाच टक्के, मला दोनच्या वर नको आहेत, कारण एका संध्याकाळी ज्याची लाइन चार वेळा जाते त्याच्यामुळे वीस टक्के परत आले तर तो पुढच्या वेळी खेळायला येणार नाही. पुढची चाचणी दोन्ही आकड्यांवर घ्यायची ठरली आहे, आणि त्यासाठी मी मुद्दाम सिल्लोडची पाच पोरं मागितली आहेत.